गळाच्या लाकडी माशाचा रंग

पैनगंगेच्या अलीकडे आमचे उमरखेड, पलीकडे हदगाव. नदीला पाणी असले की सुट्टीच्या दिवशी आमच्या घरची मंडळी मरळ धरायला जातात. मरळ हवा घ्यायला पुन्हा पुन्हा पाण्यावर येते आणि वर हलणाऱ्या बेडकावर, लहान माशावर झडप घालते. म्हणून तिच्यासाठी लाकडाचा खोटा मासाही चालतो. बाजारातला घ्यायचा तर मजुरीचे पैसे मोडतात. खडकात अडकून दोर तुटला की तोही गेला. आम्ही तो घरीच करतो. घरातले दोघे रंगकामाला जातात, त्यामुळे ब्रश आणि उरलेले डबे असतातच.

वाचकहो, हा रंग केवळ शोभेचा नव्हे. लाकडात पाणी शिरले की ते फुगते आणि वरचा रंग तडकतो. पांगाऱ्याचे लाकूड हलके, छान तरंगते; पण पाणीही लवकर पिते. म्हणून गळाची भोके आधी पाडून घ्यावीत, कारण पाणी तिथूनच शिरते. पॉलिश पेपरने घासून उकळलेल्या जवस तेलाचा हात भोकांच्या आतपर्यंत द्यावा आणि काही दिवस पूर्ण वाळू द्यावे. तेलाची चिंधी चुरगळून टाकू नये, ती आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून ठेवावी. मग प्रायमर, त्यावर ऑइल पेंटचे दोन-तीन पातळ हात. जाड हात वरून वाळतो, आत ओला राहतो. शेवटी वॉर्निश, किंवा दोन नळ्यांचे अरालडाइट समप्रमाणात कालवून लावावे. ते ओघळते, म्हणून घट्ट होईपर्यंत मासा हातात फिरवत राहावे. हे काम आमच्याकडे मुलींचे. त्यांच्याइतका धीर दुसऱ्या कुणाला नाही.

वाद झाला तो जुन्या डब्यांवरून. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे, चांगला रंग वाया का घालवायचा? पण पूर्वीच्या अनेक ऑइल पेंटमध्ये शिसे असे. सरकारने २०१६ साली नियम केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक शिसे असण्यास मनाई झाली. त्याआधीच्या डब्यात किती आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. रांगते पोर हाती लागेल ते तोंडात घालते, आणि शिशाने लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा होते. आम्ही हट्ट धरला. जुना रंग माशाला नाही, पाळण्याला नाही, खेळण्यालाही नाही. जुना रंग कोरडा घासूही नये. ती धूळ श्वासावाटे पोटात जाते.

आणखी एक पथ्य. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिलांचा घोळका दिसला, तर खाली मरळ राखण करीत असते. तिथे गळ टाकू नये. आईबाप गेले की पिले इतर माशांच्या तोंडी जातात.

जुने डबे झाकण घट्ट लावून उंच फळीवर ठेवले आहेत. नदीत ओतायचे नाहीत, चुलीत घालायचे नाहीत, एवढे घरात सर्वांनी मान्य केले आहे.