ओकावांगोतली एक रात्र

मंडळी, ही हकीगत आमच्या लेकीला अजून ठाऊक नाही. ती मराठी वाचत नाही, म्हणून इथे लिहायला हरकत नाही!

२०२३ च्या जुलैत आम्ही दोघं बोट्स्वानाला गेलो. आमच्यातल्या एकाच्या बायपासला तेव्हा दोन वर्षं झाली होती. "तिथे साधा दवाखाना नाही, कशाला जाता?" असं लेक आम्ही न्यू जर्सीहून निघेपर्यंत म्हणत होती. माऊन गावाहून पुढे छोटं विमान. सामान माणशी २० किलो, तेही चाकं नसलेल्या मऊ पिशवीत. (चिवड्याचा डबा त्यात कसा बसवला ते विचारू नका.)

वरून पाहिलं तर कलाहारीच्या वाळूत चोहीकडे पाणीच पाणी, आणि तेही ऐन कोरड्या हंगामात! पाऊस पडतो जानेवारी-फेब्रुवारीत, तिकडे अंगोलाच्या डोंगराळ भागात. ते पाणी रमतगमत इथे पोचायला कित्येक महिने लागतात. ही नदी समुद्राला मिळतच नाही. इथेच पसरते आणि आटून जाते.

कँपला कुंपण नव्हतं. अंधार पडल्यावर गाइडशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. उशाशी एक भोंगा, खरंच संकट आलं तरच वाजवायचा.

पहिल्या दिवशी मोकोरो नावाच्या अरुंद होडीतून लव्हाळ्यात फिरलो. पूर्वी ती झाडाचं खोड कोरून करत, आता बहुतेक फायबरग्लासची असते. मागे उभं राहून लांब काठीने ती ढकलायची. ज्याची बायपास झाली, नेमकी त्यालाच ढकलून बघायची हौस आली!

रात्री दोनच्या सुमारास छातीत दुखू लागलं. जिभेखाली गोळी ठेवली. बाहेर हत्ती ताडासारखं झाड गदागदा हलवत होता, फळं धपाधप पडत होती. भोंगा वाजवला तर हत्ती बिथरेल. शिवाय तो गाइड बिचारा दिवसभर दमलेला, त्याला कशाला उठवायचं? एक म्हणे वाजव, दुसरा म्हणे पाच मिनिटं थांब. असं करत भोंगा मांडीवर घेऊन, हातात हात धरून बसून राहिलो. लेकीचं बोलणं सारखं आठवत होतं. तीनपर्यंत दुखणं ओसरलं. हत्ती मात्र साडेचारला गेला.

सकाळी सांगितलं तर गाइड रागावलाच. रात्री इथल्या धावपट्टीवर विमान उतरत नाही, उजाडेपर्यंत थांबावंच लागलं असतं, हे त्याने लपवलं नाही. "पण मी गाडी घेऊन आलो असतो, तुमच्याजवळ बसलो असतो. हत्तीचं मी बघितलं असतं, ते तुमचं काम नाही." आम्ही गप्प. निव्वळ भिडेपोटी भोंगा वाजवला नाही, हे त्याला कसं समजावणार? कुणाला अपरात्री उठवायचं म्हणजे आपल्या लोकांच्या अगदी जिवावर येतं.

लगेच परत जायचं का, असं त्याने दोनदा विचारलं. राहिलो आणखी दोन दिवस, पण काठीला हात न लावता. घरी आल्यावर डॉक्टरांनी तपासलं. हृदय ठीक होतं, दुखावला होता तो छातीचा स्नायू.

लेक विमानतळावर न्यायला आली होती. "हत्ती होते का?"

म्हटलं, "होते की! अगदी जवळ."