आला त्या वाटेनं

गाडीच्या पत्र्याला पोचा पडतो तो क्षणात, पण त्या क्षणालाही एक क्रम असतो. मार बसतो तिथला पत्रा आधी आत जातो, मग आजूबाजूचा ओढला जातो आणि सगळ्यात शेवटी पोच्याच्या कडेला एक कडक वळी उठते. चांगला डेंटर हा क्रम उलटा वाचतो. शेवटी आलेली वळी तो आधी बसवतो. नवख्याचा हात मात्र थेट सगळ्यात खोल खड्ड्याकडे जातो, आणि तिथेच पत्र्याचा घात होतो.

हे सगळं मी पाहिलं ते कुर्ल्यात. आमची गाडी पद्मिनी, आणि कुर्ला हे तिचं माहेरच. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना इथला. इटलीतली फियाट अकराशे इथे १९६४ पासून नव्या रूपात बनू लागली आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी गेली. आता आहेत त्या कुणी ना कुणी जीव लावून सांभाळलेल्या. त्यांचा नवाकोरा पत्रा दुकानात मागून मिळत नाही. पण मिळाला असता, तरी मी जुनाच सरळ करून घेतला असता. जो पत्रा इतकी वर्षं गाडीबरोबर ऊन-पाऊस सोसत आला, त्याला एका फटक्यापायी भंगारात काढणं मला पटत नाही.

आमच्या गाडीच्या मागच्या मडगार्डाला, शेपटीसारखी निमुळती होत जाते त्या कडेच्या खाली, रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोनं धडक दिली होती. आमच्या डेंटर मिस्त्रींनी आल्या आल्या हातोडी उचलली नाही. डिकी उघडून आतलं अस्तर काढलं, पत्र्याच्या पाठीवरची माती खरवडली. मग तळहाताखाली एक सुती फडकं धरलं आणि पूर्ण हात टेकवून मडगार्डावरून लांबच लांब फिरवला. पुढून मागे, मग तिरका, मग पुन्हा. "डोळा फसतो साहेब, रंगाची चमक त्याला फसवते. हाताला खोटं चालत नाही," ते म्हणाले. हात थबकला तिथे त्यांनी खडूची रेघ मारली. माझ्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं.

त्या रेघेतच सगळी मेख होती. पत्रा वाकतो तेव्हा सगळाच कायमचा वाकत नाही. बराचसा भाग नुसता दबून राहिलेला असतो, परत यायला तयार असतो. त्याला अडवून धरते ती कडेची वळी. वाकताना तिथलं पोलाद कडक होतं, इतकं की नुसता आतून जोर लावला तर वळी तशीच राहते आणि शेजारचा मऊ पत्रा नव्यानं वाकतो. एका पोच्याचे दोन होतात. पुण्याच्या तांबट आळीत मठारताना हाच गुण कामी येतो, ठोके खाऊन तांब्याचं भांडं घट्ट होतं. डेंटरला मात्र प्रत्येक ठोका जपून खर्चावा लागतो.

मिस्त्रींनी डावा हात आत घातला. त्यात डॉली, म्हणजे मुठीत मावणारा गुळगुळीत पोलादी ठोकळा. ती त्यांनी खोल भागाच्या पाठीला दाबून धरली आणि हातोडी चालवली ती शेजारच्या उंच वळीवर. ठोके हलके, मनगटातून सुटलेले. हातोडी नेमकी डॉलीवर पडली तर टणकन आवाज होतो, मधला पत्रा चेपून पातळ होतो, पसरतो. बाजूला पडली तर आवाज बसका येतो, उंचवटा खाली जातो आणि खड्डा आपसूक वर येतो. मिस्त्री बराच वेळ तो बसका आवाजच काढत होते. एका ठोक्याला वळी सुटली आणि पोच्याचा निम्माअधिक भाग त्याला कुणी हात न लावता बाहेर आला. मी थक्क होऊन पाहत राहिलो.

उरला तो ताणलेला पत्रा. अंगठ्यानं दाबला की डब्याच्या झाकणासारखा टक् करून आत, सोडला की बाहेर. मिलिमीटरभरही जाड नसलेला हा पत्रा एकदा पसरला की त्याला आपल्या जागेत मावता येत नाही. ठोकाल तितका तो वाढतच जातो. इथे गॅस लागतो. मिस्त्रींनी जुन्या चार आण्याएवढा ठिपका लाल केला. तापलेलं पोलाद फुगू पाहतं, पण भोवतालचा गार पत्रा त्याला जागा देत नाही, म्हणून ते जाडीत वाढतं. वरून चार हलके ठोके, लगेच ओलं फडकं, आणि गार होताना तो ठिपका चहूबाजूंनी पत्रा स्वतःकडे ओढून घेतो. ठिपका मोठा झाला की सगळा भाग सुरकुततो. म्हणून तिथे हात आखडता हवा.

एवढं करूनही जो थोडा उंचसखलपणा उरतो, तो भरायच्या पुट्टीवर माझा राग नाही. शेवटचा केसभर फरक तिनंच भरावा. पण पोचा तसाच ठेवून त्यावर बोटभर थर चढवायचा ही गाडीशी केलेली फसवणूक आहे. काही वर्षांत थराला तडा जातो, त्यातून पाणी शिरतं आणि आतून गंज पत्रा खात सुटतो. जुनी गाडी घ्यायला जाणाऱ्यानं खिशात मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक ठेवावं. पुट्टी जाड असेल तिथे ते धरत नाही. पुट्टी येण्याआधी बॉडीचे कारागीर पत्र्याला कल्हई करून त्यावर कथिल-शिशाचा लेप द्यायचे आणि लाकडी पट्टीनं तो सारखा करायचे. शिशाची धूळ विषारी, म्हणून घासकागद न लावता तो कानशीनंच उतरवायचा. तो लेप पत्र्याला असा चिकटतो की दोन्ही एकजीव होतात.

मडगार्ड आता प्रायमरवर आहे. पुढचं काम डाव्या दाराच्या खालच्या कडेचं, आणि तिथे ठोकून भागणार नाही. पाणी साचून पत्रा सडलाय, कापूनच काढावा लागेल. जोडाचा तुकडा मिस्त्रींनी निवडून ठेवलाय, सीएसटी रोडवर सुटे भाग काढून विकलेल्या एका पद्मिनीच्या छताचा. तो एका दमात वेल्ड करायचा नाही. इथे एक टाका, मग लांब तिथे एक, मधे पत्रा गार होऊ द्यायचा, नाहीतर उष्णतेनं सगळं दार वेडंवाकडं होईल. "दोन दिवस लागतील," मिस्त्री म्हणाले. मी म्हटलं, चार लागू द्या.