गायकाचें दुकान

गायकानें गावें, गल्ल्यावर बसूं नये, असा एक समज आम्हां सुशिक्षितांत खोल रुजलेला आहे. हल्लीं अमेरिकन ग्रामीण ढंगाचा गायक अर्नेस्ट टब याच्या तबकड्या आम्ही वारंवार ऐकत आहों, आणि तो समज आम्हांस आतां फारसा पटत नाहीं.

टबचा जन्म १९१४ सालीं टेक्सास प्रांतांत झाला. आवाज जाड, कोरडा, आणि कित्येकदां सुराच्या जरा खालींच रेंगाळणारा. आमच्या घरांतील तरुण मंडळी तर पहिल्यानें हंसलीच! पण आपल्या सुरांतील या उणिवेवर टब स्वतःच विनोद करीत असे. १९३९ त टॉन्सिल काढल्यावर त्याचा आवाज बदलला आणि जिमी रॉजर्सच्या गायकीचें अनुकरण त्याला सोडावें लागलें. आमच्या मतें ही इष्टापत्तीच होय. १९४१ त 'वॉकिंग द फ्लोअर ओव्हर यू' या गाण्यानें त्याचें नांव झालें. १९५९ च्या 'दि अर्नेस्ट टब स्टोरी' या दोन तबकड्यांच्या संचांत आपलीं जुनीं गाणीं त्यानें पुन्हां गायिलीं. त्यांत पूर्वीची तडफ थोडी उणी वाटते. पण विरहाचें दुःख शांतपणें सांगणारा प्रौढ माणूस येथेंच भेटतो.

आतां दुकानाविषयीं. रेडिओवर ऐकलेल्या गाण्यांच्या तबकड्या विकत मिळत नाहींत, अशी खेड्यापाड्यांतील श्रोत्यांची तक्रार असे. म्हणून टबनें मे १९४७ मध्यें नॅशव्हिल येथें तबकड्यांचें दुकान काढलें व टपालानेंही माल पाठविण्यास आरंभ केला. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या, ठिसूळ. वाटेंत सर्रास फुटत. फुटलेल्या तबकडीबद्दल दुसरी धाडावयाची, तीही स्वतः तोशीस सोसून! असल्या हिशेबास व्यापार म्हणावें कीं गाणाऱ्याची निष्ठा? शिवाय शनिवारीं रात्रीं 'ग्रँड ओल ऑप्री'चा कार्यक्रम आटोपला कीं दुकानांतूनच रेडिओवर गाणीं होत. तेथें नवख्यांनाही संधि मिळे. १९६० त लोरेटा लिन ही तेथें गायिली, त्या वेळीं तिला फारसें कोणी ओळखीतही नव्हतें.

टब १९८४ त वारला. दुकानाचीं दारें २०२२ त बंद झालीं. जलसा संपतांना तो गिटार उलटी करून धरी. तिच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत आभाराचा एकच शब्द लिहिलेला असे.