वहीला विचारा

अमरावतीच्या राजापेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानात ती शाळेच्या वह्यांच्या चळतीतच पडलेली असते. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची. तिथून एसटीने गावाला गेली, पहिल्या पानावर गट नंबर आणि सातबाऱ्यावरचं नाव चढलं, की तिचा स्वभाव पालटतो. ती सेंद्रिय शेतकऱ्याची नोंदवही होते आणि मग घरात तिच्याइतकं कडक कुणी राहत नाही.

"आमच्या वावरात बापजाद्यांपासून शेणखतच" असं सांगून ती विरघळत नाही. ती तारीख विचारते. किती गाड्या? कोणत्या गोठ्यातलं? कोणत्या तुकड्यात पसरलं? वावराचा नकाशा तिला लागतो: विहीर कुठे, नाला कुठून उतरतो, चारही धुऱ्यांपलीकडे कोण काय पेरतो. धुऱ्यावर तर तिची नजर कायम खिळलेली. शेजाऱ्याच्या पंपातलं औषध वाऱ्यावर येतं, पहिल्या मोठ्या पावसात त्याच्या वावरातला युरिया पाण्याबरोबर उतरतो. म्हणून त्या अंगाने पट्टा सोडावा लागतो. पट्ट्यातली तूर वेगळी कापायची, वेगळी मोजायची, साध्या भावात विकायची. शेजारी बहुधा सख्खा चुलतभाऊच असतो. त्याने कोणत्या दिवशी काय फवारलं, हे लिहिताना हात जड होतो. तरी ती लिहायला लावते, आणि मला तिचं हे वागणं रास्त वाटतं. माल विकत घेणाऱ्याला भाऊबंदकी दिसत नसते.

पऱ्हाटीच्या पानावर ती सगळ्यांत जास्त अडून बसते. २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत वऱ्हाडातल्या दुकानांमधून दुसरं बियाणं जवळजवळ दिसेनासं झालं. सेंद्रियच्या नियमात जनुक बदललेलं बियाणं मुळीच चालत नाही. मग अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या 'एकेए-७'सारख्या देशी वाणाची शोधाशोध सुरू होते. मिळालंच, तर पाकिटाचं लेबल आणि बिल पानाला चिकटवायचं. त्याशिवाय ते पान ती पूर्ण मानत नाही. यात शेतकऱ्याचा काय दोष? ज्या व्यवस्थेने बिगर-बीटीची अट घातली, तिनेच रोहिण्या लागायच्या आत ते बियाणं तालुक्याच्या दुकानात पोचवायला हवं. ते होत नाही, आणि ओझं वहीच्या मालकावर पडतं.

वाट पाहायला लावण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. हंगामी पिकाला पेरणीआधी निदान दोन वर्षं, वरुड-मोर्शीच्या संत्र्यासारख्या बहुवार्षिक पिकाला पहिल्या तोडणीआधी तीन वर्षं रसायनाविना काढावी लागतात. या रूपांतरणाच्या काळात उतारा घटू शकतो, भाव मात्र साध्याच मालाचा. कित्येक वह्या इथेच, मधल्या पानावर, कोऱ्या पडतात. अशी कोरी वही पाहिली की मला खरंच वाईट वाटतं, कारण पुन्हा सुरुवात करायची तर पहिल्या वर्षापासून.

माल परदेशी जायचा असेल तर तिला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांना उतरावं लागतं. तिथे अपेडा या निर्यात प्राधिकरणाच्या चौकटीतल्या प्रमाणन संस्थेचा निरीक्षक येतो. लहान शेतकऱ्यांनी निदान पंचवीस जणांचा गट करून एकत्र प्रमाणपत्र घ्यायचं; गटातला आतला तपासनीस आधी सगळ्यांच्या वह्या चाळतो. देशातल्या बाजारासाठी दुसरी वाट आहे, पीजीएसची, म्हणजे सहभागी हमी पद्धतीची. निदान पाच शेतकरी, आणि तेच एकमेकांच्या वावरात फिरून साक्ष देतात. रूपांतरण चालू असताना 'पीजीएस-ग्रीन', पुरं झालं की 'पीजीएस-ऑरगॅनिक'. अकोल्याहून चालणाऱ्या डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशनने २०१८ पासून अमरावती-अकोल्यासह सहा जिल्ह्यांत असे गट बांधले, तेव्हा या वह्या गावोगाव पोचल्या.

निरीक्षक आला की संवाद ठरलेला.

"भाऊ, तुरीवर काय मारलं?"

"मले काय पुसता साहेब, वहीले इचारा."

आणि ती बोलते. निंबोळी अर्क कधी काढला, दशपर्णी कधी गाळली, मागून आणलेला पंप कितीदा धुतला, मळणी यंत्र आधी कुणाच्या खळ्यावर चाललं होतं आणि आपल्या धान्याआधी साफ केलं का. पोती कोणती वापरली, हेही ती सांगते. युरियाच्या रिकाम्या पोत्यात भरलेला हरभरा तिच्या दृष्टीने बाटला. मग निरीक्षक क्षेत्र, उतारा आणि विक्रीची पावती शेजारी शेजारी ठेवतो. दोन एकरांतून निघेल त्याहून जास्त सोयाबीन विकलं गेलं असेल, तर बाहेरचा माल मिसळला हे त्याला कळतं. हे मिसळणं व्यापाऱ्याला सोपं आणि गटाला महाग पडतं. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने भारतीय सेंद्रिय तपासणीला दिलेली मान्यता काढून घेत असल्याचं जाहीर केलं. त्याची झळ इमानाने लिहिणाऱ्यांनाही लागली.

वहीला रोज भेटते ती मात्र बहुतेक घरांत लेक नाहीतर सून. दिवे लागल्यावर बाप वावरातलं सांगतो, ती लिहिते. जीवामृत किती लिटर सोडलं हे त्याला आठवलं नाही तर ड्रम मोजून येते. प्रमाणपत्रावर शेतकऱ्याचं नाव येतं, गटाचं येतं, संस्थेचं येतं. तपासणीचं शुल्क गटाच्या हिशेबात असतं, प्रयोगशाळेचा खर्च असतो, प्रवासभाडंसुद्धा असतं. लिहिणारीची मजुरीही त्याच हिशेबात धरली पाहिजे, आणि गटाने पुढच्या खरिपाच्या बैठकीत तिचा आकडा ठरवला पाहिजे.