चिमूटभर भेसळ

माझं माहेर गोव्यातलं मये, सासर बेळगावचं कानडी. लेकीच्या एकाच वाक्यात मराठी, कन्नड आणि आजोळची कोकणी नांदतात. गेल्या मे महिन्यात चोर्ला घाट उतरून मयेला गेलो, तेव्हा माझे काका म्हणाले, "अगं, हिची भाषा म्हणजे नुसती भेसळ! धड एकही यायची नाही." काळजी खरी होती, म्हणून बोचलं.

लेक धारवाडला भौतिकशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आजोबा, आमच्याकडे भेसळीवाचून चालतच नाही."

आणि तिने अतिवाहकांची गोष्ट सांगितली. ठरावीक थंडीखाली विजेला मुळीच न अडवणारे हे पदार्थ. लँथॅनम, तांबे आणि ऑक्सिजन यांचं एक संयुग आहे. ते शुद्ध असलं की त्यातले इलेक्ट्रॉन आपापली जागा धरून बसतात, वीज वाहत नाही. थोड्या लँथॅनमच्या जागी बेरियम घातलं की इलेक्ट्रॉन कमी होतात, जागा रिकाम्या होतात आणि हालचाल सुरू होते. यालाच डोपिंग म्हणतात. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना अशा मिश्रणात अतिवाहकता सापडली. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. १९८७ मध्येच इट्रियम, बेरियम आणि तांब्याचं ऑक्साइड उणे १८० अंशांलाच अतिवाहक होतं, असं अमेरिकेत दिसलं. त्यातला नेमका कोणता घटक हे करतो, ते ओळखणाऱ्यांत आपल्या बेंगळूरचे सी. एन. आर. राव आणि त्यांचे सहकारी होते. भुकट्या एकत्र खलायच्या, नऊशे अंशांच्या वर भाजायच्या, पुन्हा खलायच्या, स्वयंपाकच तो!

"आणि जास्त घातलं तर?" काकांनी विचारलं.

"बिघडतं. लँथॅनमच्या संयुगात तांब्याच्या शंभर अणूंमागे पाच-सहा जागा रिकाम्या झाल्या की अतिवाहकता येते, सोळाच्या सुमारास उत्तम असते, सत्ताविसाच्या पुढे जाते."

"म्हणजे मिठासारखंच," काकू आतून म्हणाल्या.

माणसाची भाषा म्हणजे काही तांब्याचं संयुग नव्हे. पण प्रमाणाची गोष्ट मला पटली. दोन भाषांच्या घरात सोवळं पाळलं तर मुलं गप्प होतात, आणि सगळंच सैल सोडलं तर आजोबांचं पत्रही वाचता येत नाही. आमच्याकडे आता एवढंच ठरलं आहे: मयेच्या आजोबांना पत्र मराठीत, बेळगावच्या अज्जीला कन्नडमध्ये. जेवताना मात्र जे तोंडी येईल ते.