हाडात उतरलेला कॅन्सर

‘हाडात गेलंय म्हणतात. आता पुढे काही करण्यासारखं नाही ना, डॉक्टर?’ हा प्रश्न सहसा रुग्ण विचारत नाही. त्याला बाहेर बाकावर बसवून मुलगा किंवा जावई आत येतो, दार लोटून घेतो आणि विचारतो. मी रेडिएशन देणारा डॉक्टर. माझे उत्तर ठरलेले आहे: करण्यासारखे बरेच आहे, समूळ बरे करणे मात्र बहुतेकदा शक्य नसते. ही दोन्ही वाक्ये मी एका दमात सांगतो, कारण नातेवाईक त्यांतले एकच ऐकून घरी जातात.

किती काळ, हे मूळ गाठ कुठली यावर ठरते. स्तनाचा, प्रोस्टेटचा किंवा थायरॉइडचा कॅन्सर फक्त हाडांतच पसरला असेल, तर माणूस काही वर्षे आपला कामधंदा सांभाळू शकतो. फुप्फुसाचा असेल तर हिशेब बराचदा महिन्यांचा असतो. नव्या गोळ्यांनी काही जणांचा तोही बदलला आहे. अनेकांना वाटते की हा दुसराच, नवा कॅन्सर झाला. तसे नसते. स्तनातल्या पेशी मणक्यात जाऊन वाढल्या, तरी त्या स्तनाच्याच राहतात आणि स्तनाच्या कॅन्सरच्या औषधांनाच दाद देतात. शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले, की वृषण काढून पुरुषी हार्मोन बंद केले की प्रोस्टेटचा पसरलेला कॅन्सर आक्रसतो आणि हाडांचे दुखणे ओसरते. त्यासाठी त्यांना १९६६ साली नोबेल मिळाले. ही छोटी, स्वस्त शस्त्रक्रिया आजही उपयोगी आहे. महागड्या इंजेक्शनांपुढे तिची आठवण कमी काढली जाते, हे मला खटकते.

पण हाडच का? लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रक्त सगळ्या अवयवांत फिरते, मग गाठी ठरावीक जागीच का, हा त्यांचा प्रश्न. उत्तर त्यांनी बी आणि जमीन या भाषेत दिले: बी सगळीकडे पडते, रुजते मात्र मानवणाऱ्या जमिनीतच. शेतकरी रुग्णाला हे सांगताना मला कधी जास्त बोलावे लागले नाही. पुढे १९४० मध्ये ऑस्कर बॅटसन यांनी मणक्यांभोवतीच्या नीलांचे जाळे तपासले. या नीलांना झडपाच नसतात. खोकताना, कुंथताना ओटीपोटातले रक्त थेट मणक्यांकडे ढकलले जाऊ शकते. प्रोस्टेटचा कॅन्सर कमरेच्या मणक्यांत इतक्यांदा का सापडतो, याचा एक खुलासा तिथे मिळाला. वाट आणि जमीन, दोन्ही कारणे खरी आहेत.

रुजल्यावर जे घडते ते मला आजही चकित करते. हाड म्हणजे निर्जीव चुना नव्हे. त्यात जुने हाड खाणाऱ्या आणि नवे बांधणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी आयुष्यभर कामाला असतात. कॅन्सर स्वतः हाड फारसे खात नाही. तो खाणाऱ्या पेशींना चिथावतो. हाड विरघळले की त्यात साठलेली वाढीची द्रव्ये सुटतात आणि कॅन्सर त्यांवर पोसतो. पोसलेला कॅन्सर आणखी चिथावणी देतो. प्रोस्टेटमध्ये बहुधा उलटे घडते: बांधणाऱ्या पेशी भलतीकडे हाड रचत सुटतात आणि एक्स-रेत मणका पांढराफटक दिसतो. पण ही वीण सदोष असते, म्हणून तेही हाड मोडू शकते.

झोलेड्रॉनिक ॲसिडचे इंजेक्शन या खाणाऱ्या पेशींनाच आवरते. पूर्वी ते दर महिन्याला देत. बारा आठवड्यांतून एकदा दिले तरी हाडे तितकीच सांभाळली जातात, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. खेड्यातून दोन एसट्या बदलून येणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सवलत. मात्र सुरू करण्याआधी दंतवैद्याला दात दाखवून घ्यावेत, काढायचे ते काढून घ्यावेत. मध्येच दाढ उपटली तर जबड्याचे हाड उघडे पडून भरून न येण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाची तपासणीही हवी.

निदानात आपल्याकडे एक खास अडचण आहे: क्षय. मणका खचलेला दिसला की टीबी समजून औषधे सुरू होतात आणि काही महिने निघून जातात. काही खुणा आहेत. टीबी बहुधा दोन मणके आणि त्यांमधली चकती खातो. कॅन्सर चकती सहसा सोडतो आणि मणक्याच्या मागच्या खांबावर घाव घालतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत मणक्याचा एक डोळा मिटलेला दिसतो, तो हाच खांब. पण खुणांवर भिस्त ठेवू नये. सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय टीबीची औषधेही नकोत आणि केमोही नको. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ यावरही समाधान मानू नये. हाडातले जवळपास तीस ते पन्नास टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत काही दिसत नाही. एमआरआयला ते कितीतरी आधी कळते.

दुखण्यावर रेडिएशनइतका भरवशाचा उपाय थोडाच. ८ ग्रेचा एकच डोस दिला तरी साधारण दहांपैकी सहा जणांचे दुखणे कमी होते. दहा दिवस रोज देऊनही हे प्रमाण फारसे वाढत नाही. एकाच डोसवाल्यांपैकी सुमारे पाचातल्या एकाला पुढे पुन्हा घ्यावे लागते, एवढा फरक. तरीही पेशंटला दहा दिवस लॉजवर ठेवणारी केंद्रे आहेत. लांबून आलेल्या, साध्या दुखण्याच्या रुग्णाला एकदाच द्यावे, असे माझे मत आहे. आराम मात्र त्याच दिवशी पडत नाही. दोन-तीन आठवडे लागू शकतात, आणि पहिले एक-दोन दिवस दुखणे वाढूही शकते. तोवर मॉर्फिन द्यावे. २०१४ मध्ये अमली पदार्थ कायद्यात दुरुस्ती होऊन त्याची वाट थोडी मोकळी झाली. घरच्यांच्या मनातली ‘सवय लागेल’ ही भीती मात्र कायद्याने जात नाही. बद्धकोष्ठाचे औषध सोबत द्यायला विसरू नये.

मांडीचे हाड पोखरले असेल, पाय टेकताच कळ येत असेल, तर हाड मोडण्याआधीच आत सळई घालून घेणे शहाणपणाचे. अशा वेळी कुणी हाडवैद्याकडे नेतो, कुणी तेल लावून रगडतो, आणि अंथरुणातच हाड मोडते.

म्हणून ज्यांच्या घरी कॅन्सर होऊन गेलेला माणूस आहे, मग त्याला दहा वर्षे झालेली असोत, त्यांना एवढेच सांगणे. नवी पाठदुखी रात्री झोपू देत नसेल, आडवे पडल्यावर वाढत असेल, तर मालिश नको. पूर्वीची फाइल घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जा. तहान फार लागणे, बद्धकोष्ठ आणि असंबद्ध बोलणे एकत्र दिसले तर रक्तातले कॅल्शियम त्याच दिवशी तपासा. आणि पायांतले बळ कमी झाले, कमरेखाली बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नका. मज्जारज्जूवर दाब आलेला असतो. चालत आलेला माणूस उपचारानंतर बहुतेकदा चालत राहतो. पाय पूर्ण गेल्यावर आणलेला क्वचितच पुन्हा उभा राहतो.