सहा मित्र, तीन दिवस आणि नागपूर

“नागपुरास जावयाचें? आणि तेथें पाहावयाचें तें काय?” हा प्रश्न पुण्यांतील कोणत्याहि दिवाणखान्यांत विचारतां येतो, आणि विचारणारास उत्तराची अपेक्षा नसते. आमच्या मित्रमंडळांत तो गेलीं पस्तीस वर्षें विचारला जात आहे. कारण आम्हां सहाजणांपैकीं एक गृहस्थ अस्सल नागपूरकर आहेत. शिक्षणासाठीं ते पुण्यास आले, येथेंच नोकरी लागली, संसार झाला आणि नागपूर मागें राहिलें. तरी उन्हाळ्याची, संत्र्यांची अथवा झणझणीत रश्श्याची गोष्ट निघाली कीं त्यांची थट्टा करावयाची, हा आमचा परिपाठ. तेहि हंसून म्हणावयाचे, “एकदां या, मग बोला.” यंदां त्यांस साठ वर्षें पूर्ण झालीं. षष्ट्यब्दीची शांति घरच्या मंडळींनीं यथासांग केली. मग मित्रांनीं निराळें काय करावें? शाल, श्रीफळ आणि भाषणें यांचा तर सर्वांनाच कंटाळा. तेव्हां ठरलें कीं, सहाहि जणांनीं मिळून तीन दिवस त्यांच्याच गांवीं जावें.

ठरविणें सोपें, जाणें कठीण. आदल्या मे महिन्यांत आम्ही असेच कोकणांत गेलों होतों. दोन दिवसांत सात ठिकाणें पाहण्याचा बेत होता. पहांटे चारला उठून मोटारींत बसावें, प्रत्येक ठिकाणीं अर्धा तास उतरावें, छायाचित्रें काढावीं आणि पुन्हां मोटारींत बसावें, असा तो प्रकार! परिणामीं डॉक्टरांची कंबर धरली, मास्तर दोन वेळां उपाशी राहिले, आणि शेवटच्या रात्रीं जेवणाच्या बिलावरून वकील व डॉक्टर यांची जी जुंपली तिचें पर्यवसान अबोल्यांत झालें. चाळीस वर्षांची मैत्री साडेआठशें रुपयांपाशीं अडावी याची लाज दोघांनाहि वाटत होती. पण आधीं कोणीं बोलावें? आठ महिने झाले तरी तो अबोला मिटला नव्हता. नागपूरकरांच्या शब्दाखातर दोघेहि यावयास कबूल झाले, एवढेंच. ही सहलहि बिघडली, तर सहाजण पुन्हां एकत्र बसणार नाहींत, हें प्रत्येकजण जाणून होता. बोलून मात्र कोणी दाखवीत नव्हता.

म्हणून या खेपेस बेत आंखण्यासाठीं आम्ही दोन रविवार नागपूरकरांच्या घरीं बसलों. पहिला प्रश्न ऋतूचा. नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांवर जातो. तो पाहुण्यांसाठीं नव्हे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं निघणारी मारबतीची मिरवणूक पाहावी, असें मास्तरांचें म्हणणें पडलें. काळी मारबत १८८१ पासून व पिवळी १८८५ पासून निघत आली आहे. गांवावरील रोगराई आणि अरिष्टें त्या पुतळ्यांबरोबर बाहेर नेऊन जाळून टाकावयाचीं, असा तो संकेत. परंतु त्या गर्दींत सहा पोक्त गृहस्थ एकमेकांस हुडकीत फिरत आहेत, हें चित्र डोळ्यांपुढें आलें आणि तो बेत राहिला. वकिलांस सीताबर्डीचा किल्ला पाहावयाचा होता. चौकशी करतां कळलें कीं, किल्ला सैन्याच्या ताब्यांत असून सर्वसाधारण लोकांस तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशीं खुला असतो. त्याबरोबर तारीख आपोआप ठरली: २५ ते २७ जानेवारी. बंद दरवाजाहि कधीं कधीं वाट दाखवितो तो असा.

दुसरा प्रश्न स्थळांचा. नागपूरकरांनीं सुवाच्य अक्षरांत सत्तावीस स्थळांची यादी करून ठेविली होती! कोकणची आठवण होऊन सारे गप्प झाले. तेव्हां ज्यांचा जन्म बँकेंत गेला असे आमचे हिशेबनीस म्हणाले, “प्रत्येकानें एकच स्थळ मागावें. तेवढें सर्वांनीं मिळून सावकाश पाहावें. राहील तें राहूं द्यावें.” तोडगा सर्वांस पटला. आम्हीं अजबबंगला मागितला, वकिलांनीं किल्ला, संस्कृताचे मास्तर, त्यांनीं रामटेक, डॉक्टरांनीं दीक्षाभूमि. हिशेबनिसांनीं भोजनाची व्यवस्था हेंच आपलें तीर्थक्षेत्र म्हणून मागून घेतलें. नागपूरकर मात्र कांहीं मागेनात. “माझें सारें पाहिलेलेंच आहे. माझी वेळ रिकामी ठेवा,” एवढेंच ते म्हणाले. म्हणून २७ तारखेच्या दुपारीं दोनपासून गाडीच्या वेळेपर्यंत कागदावर कोरी जागा राहिली.

मंडळी पांगतांना त्यांच्या सौभाग्यवती दारापाशीं थांबून हळूच आम्हांस म्हणाल्या, “भाऊजी, यादींत सत्तावीस ठिकाणं आहेत, पण महालातली आमची गल्ली नाही, हे पाहिलंत का?” आम्हीं पाहिलें नव्हतें.

तिसरा प्रश्न पैशाचा. सहाहि जणांनीं सारखी वर्गणी आरंभींच हिशेबनिसांच्या स्वाधीन केली. तीन दिवस दुसऱ्या कोणीं खिशांत हात घालावयाचा नाहीं. चौथा प्रश्न घरचा. एकाच्या वृद्ध मातोश्रींचीं औषधें, दुसऱ्याच्या नातवाची शाळा, तिसऱ्याकडील देवपूजा, या सर्वांची सोय आधीं लावून दिली. जो घर नीट लावून निघतो तोच प्रवासांत मोकळा असतो.

पुण्याहून नागपूर लोहमार्गानें सुमारें नऊशें किलोमीटर. सायंकाळीं गाडींत बसावें, दशम्या-चटणीचा डबा सोडावा, आणि सकाळीं १९२५ सालीं उघडलेल्या त्या वालुकाश्माच्या देखण्या स्थानकांत उतरावें. ज्यांस मोटारच प्रिय, त्यांच्यासाठीं मुंबईकडून येणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग जून २०२५ पासून पुरता खुला झाला आहे. पण गाडींत ज्या गप्पा होतात त्या मोटारींत होत नाहींत, असें आमचें मत आहे.

पहिला दिवस अजबबंगल्याचा. मध्यवर्ती संग्रहालय हें त्याचें सरकारी नांव. १८६३ सालचें तें आहे. शिल्पें, शिलालेख, शस्त्रें, आदिवासींच्या वस्तु पाहात फिरतांना ध्यानांत आलें कीं, नागपूरकर भोसल्यांचा इतिहास आम्ही पुण्याच्या खिडकींतूनच वाचला होता. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं बारा खेडीं एकत्र करून हें नगर वसविलें. मग रघूजी भोसल्यांनीं तेथें आपली गादी स्थापिली. आणि तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरांत निपुत्रिक वारले तेव्हां डलहौसीनें राज्य खालसा केलें. पुढें मध्यप्रांताची राजधानी म्हणून मिरविलेलें हें शहर १९५६ सालीं तें पद गमावून बसलें. एवढें सोसलेल्या गांवास “पाहावयाचें तें काय?” असें विचारणें बरें नव्हे, हें आम्ही पहिल्या दिवशींच शिकलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं किल्ला. ध्वजवंदन करून आलेलीं कुटुंबें, मुलांच्या हातांत झेंडे, आणि टेकडीवरून चोहोंकडे पसरलेलें शहर. येथेंच १८१७ च्या नोव्हेंबरांत, २६ व २७ तारखांस, आप्पासाहेब भोसल्यांचें सैन्य इंग्रजांशीं लढलें आणि हरलें. वकिलांनीं आठवण दिली कीं, खडकीची लढाई त्याच महिन्याच्या ५ तारखेची. बाजीराव ब्रह्मावर्तास गेले व तेथेंच १८५१ सालीं वारले. आप्पासाहेब १८४० सालीं दूर जोधपुरास वारले. नागपूरकर म्हणाले, “तीन आठवड्यांच्या अंतरानें आपण दोघेहि बुडालों, तरी तुम्ही आम्हांला परके समजतां!” यावर पुणेकरांपाशीं उत्तर नव्हतें. उतरतांना वकिलांचा पाय सटकला. डॉक्टर मागेंच होते, त्यांनीं दंड धरून सांवरलें आणि म्हणाले, “सांभाळून. गुडघा अजून दुखतो का?” “दुखतो,” वकील म्हणाले. आठ महिन्यांचा अबोला असा एका गुडघ्यापाशीं संपला. आम्ही बाकीचे मुद्दाम पुढें चालूं लागलों.

जवळच शून्य मैलाचा दगड आहे. हिंदुस्थानचा मध्य तो हाच, अशी लोकांची समजूत. वस्तुतः उंची मोजण्यासाठीं सर्वेक्षण खात्यानें १९०७ सालीं केलेली ती खूण आहे. तेथून मेट्रोनें एक फेरी मारली. नागपुरांत ती २०१९ पासून धांवते. वर्धा रस्त्यावर खालीं जुना रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याहि वर ही गाडी, असा तीन मजली थाट पाहून हिशेबनिसांनीं “तळमजल्याचें भाडें किती?” म्हणून विचारलें.

दुपारीं रामटेक, सुमारें पन्नास किलोमीटर. कालिदासाच्या यक्षाचा रामगिरि तो हाच, असें महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं साधार मांडलें. टेकडीवरील राममंदिराच्या तटाशीं उभे राहून मास्तर क्षितिजाकडे पाहात राहिले. जानेवारींत मेघ कोठले! पण त्यांस ते दिसत असावेत. आम्हीं घाई केली नाहीं, कारण पुढें गांठावयाचें असें दुसरें स्थळच नव्हतें. कोकणांत हेंच सुख आम्हीं हरविलें होतें.

आतां हिशेबनिसांच्या खात्याविषयीं. सकाळीं तर्री पोहे: पोह्यांवर हरभऱ्यांचा लाल, तेजस्वी रस्सा. पहिल्या घांसास डोळ्यांत पाणी, दुसऱ्यास कपाळीं घाम, तिसऱ्यापासून व्यसन. दुपारीं गोळाभात अथवा वडाभात, वर हिंगमोहरीची कडकडीत फोडणी. सायंकाळीं पुडाची वडी. भाजीवालीशीं बोलतांना मास्तरांनीं “सांबार ताजा आहे” हें ऐकून “आम्हांस इडली नको” असें उत्तर दिलें. नागपुराकडे कोथिंबिरीसच सांबार म्हणतात, हें नंतर उलगडलें. संत्र्यांचा आंबिया बहार ऑक्टोबरापासून येतो व मृग बहार फेब्रुवारी-मार्चांत. आम्ही संधिकालीं गेलों, तरी बाजारांत फळ होतें आणि गोड होतें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं दीक्षाभूमि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, विजयादशमीस, डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं लक्षावधि अनुयायांसह येथें बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आजचा भव्य स्तूप २००१ सालीं खुला झाला. आंत विलक्षण शांतता होती. खेड्यांतून आलेली एक आजी नातीला कांहीं समजावून सांगत होती. त्या दोघींच्या मुद्रेवरील अभिमान पाहून आम्ही बाजूस सरलों. आमच्यासारख्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोष्टी डोळ्यांआड केल्या गेल्या, त्यांचा विचार केल्यावांचून तेथून परततां येत नाहीं. डॉक्टरांनीं हें स्थळ कां मागितलें, तें आम्हीं विचारिलें नाहीं. तें कळलें होतें.

दुपारचे दोन वाजले. कोरी जागा सुरू झाली. सामान बांधून तयार होतें. नागपूरकर बराच वेळ खिडकीपाशीं उभे होते, मग एकाएकीं म्हणाले, “जरा महालांत जाऊन येऊं.” जुने लोक ज्यास जुम्मा दरवाजा म्हणत त्या गांधी दरवाजापाशीं रिक्षा सोडल्या आणि पायीं निघालों. गल्ल्या वळूं लागल्या तशी त्यांची चाल वाढली. एका चार मजली इमारतीपुढें ते थांबले. येथें त्यांचा वाडा होता. वीस वर्षांपूर्वीं भावांच्या वांटण्या झाल्या, वाडा विकला गेला. थोरले म्हणून पहिली सही यांची. मातोश्रींस नागपूर सोडावयाचें नव्हतें. त्यांस पुण्यास आणिलें, आणि वर्षाच्या आंतच त्या गेल्या. तेव्हांपासून हे या गल्लींत आले नव्हते.

वाड्याचें कांहींच उरलें नव्हतें; रस्त्याच्या कडेस काळ्या दगडाची एक लांब पायरी तेवढी होती, आणि तिच्या टोकाशीं इस्त्रीवाल्याची टपरी. “काय पाहिजे जी?” त्यानें विचारलें. “कांहीं नाहीं. बसूं का जरा?” “बसा नं काकाजी.” आम्ही सहाजण ओळीनें बसलों. मारबत पाहून आलें कीं आई याच पायरीवर आमचे पाय धुई, असें ते सांगूं लागले. मग थोरल्या काकांच्या, विहिरीच्या, उन्हाळ्यांत गच्चीवर निजण्याच्या गोष्टी निघाल्या. शेवटीं म्हणाले, “आईनें मला एका शब्दानें बोल लाविला नाहीं. म्हणूनच येववत नव्हतें.” वकिलांनीं समोरून चहा आणविला, सातवा पेला इस्त्रीवाल्यास. दोन तास कसे गेले तें कळलें नाहीं.

वाचकांपैकीं कोणी मित्रमंडळासह असा बेत करणार असतील, तर आमचा अनुभव एवढाच. वर्गणी आधीं एका हातीं द्यावी, ऋतु पाहून तारीख धरावी, प्रत्येकाचें एकेक मन राखावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे एक दुपार कोरी सोडावी. ज्यासाठीं खरोखर जावयाचें असतें तें पुष्कळदां यादींत लिहवत नाहीं.

उरलेल्या वर्गणींतून सहाहि घरांसाठीं संत्राबर्फी घेतली. परतीच्या गाडींत वकील आणि डॉक्टर एकाच बाकावर बसून हिशेबनिसांचा जमाखर्च तपासीत होते. नागपूरकरांनीं यादी काढली, पाहिलेल्या पांच स्थळांवर रेघ मारली, आणि बावीस उरलीं म्हणाले. पुढच्या खेपेस मारबतीलाच जावें, असें मास्तरांनीं पुन्हां सुचविलें. या वेळीं कोणीं गर्दीची गोष्ट काढली नाहीं.